अडनिड्या वयाची गाणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘आपल्या वेळची गाणी’ हा विषय दिला, तेव्हा त्यांना बहुधा कॅसेट, वॉकमन आणि गॅदरिंगच्या आठवणी हव्या होत्या. त्या थोड्याफार येतीलच. पण लिहायला बसल्यावर वाटलं, की त्या वयाबद्दल खरं बोलणारी गाणी कोणती, ती कुठून आली, हे एकदा नीट पाहावं. आणि गंमत म्हणजे या इतिहासातली दोन पानं आपल्याच नगर तालुक्यातली निघाली. एक अरणगावचं, दुसरं अकोळनेरचं. दौंडच्या बाजूची ही दोन गावं, शेजारशेजारची म्हणावीत इतकी जवळ. आपल्यातले किती जण याच भागातून एसटीने नाहीतर सायकलवर शाळेत यायचे!

इंग्रजीत ‘टीनएजर’ म्हणतात, म्हणजे नुसती वर्षं मोजली. आपला शब्द जास्त चांगला आहे: अडनिडं वय. कशातच नीट न बसणारं. फ्रॉक आखूड होतो आणि साडी पायात येते. आवाज फुटतो आणि मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं की ‘तू गप बस’ ऐकावं लागतं.

आपण १९९७ची दहावीची बॅच. म्हणजे पाचवी ते दहावी १९९१ ते ९७. या वर्षांत आपल्या कानावर मराठीतलं काय पडत होतं ते आठवून बघा. लहानपणी गदिमांचा मोर आणि पाडगावकरांचा भोलानाथ. त्यानंतर एकदम अरुण दाते. आकाशवाणीवर, कोणाच्या घरी असलेल्या टेपवर, बाईंच्या आवडीत. मोर आणि शुक्रतारा यांच्या मध्ये कॅसेटवर काही नव्हतंच. भावगीतातली माणसं प्रौढ होती, त्यांचं प्रेम समजूतदार होतं, आणि त्यांना बाकावरच्या करकटकाने कोरलेल्या नावाबद्दल हेडसरांच्या केबिनबाहेर उभं राहावं लागत नव्हतं. ती गाणी आजही मला आवडतात. पण ती आपल्याविषयी नव्हती.

उरलेली जागा हिंदीने भरली. १९९२ला ‘रोजा’ आला, १९९५ला ‘रंगीला’ आणि ‘दिलवाले दुल्हनिया’ एकाच वर्षात. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ही त्याच वर्षीचं. आपण ते सगळं मनापासून ऐकलं, पाठ केलं, वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. युरोपच्या रेल्वेत प्रेमात पडणारी माणसं आपली नव्हती हे कळत होतं आणि त्याने काही बिघडत नव्हतं. दौंड-मनमाड लाईनवर तेवढ्यापुरती तीच गाडी धावायची.

गॅदरिंगमध्ये मुलींचा नाच ठरलेला: कोळीगीत. आपल्यातल्या एकीनेही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावांतल्या मुली स्टेजवर होडी वल्हवायच्या आणि पहिल्या रांगेतले पाहुणे टाळ्या वाजवायचे. आपल्या नाचाच्या बाईंनी त्यासाठी किती मेहनत घेतली होती ते मला आठवतं, म्हणून हे हसत हसतच लिहिते आहे.

पण कॅसेटवर नव्हतं ते अंगणात होतं. नवरात्रात मुलींचा हादगा व्हायचा. पाटावरचा हत्ती, भोवती फेर, शेवटी खिरापत ओळखायची घाई. त्या गाण्यांकडे आपण खेळ म्हणून पाहिलं. आता शांतपणे आठवून बघा त्यांत काय आहे. माहेरी जाऊ द्या म्हणून सासूला विचारणारी मुलगी, प्रत्येक वेळी नवं काम सांगून तिला टाळणारी सासू, माहेरचा वैद्य आणि सासरचा वैद्य. ही गाणी रचली गेली तेव्हा लग्नं बाराव्या-तेराव्या वर्षी होत. म्हणजे ती अडनिड्या वयाच्या मुलींनी अडनिड्या वयाच्या मुलींसाठी म्हटलेली गाणी आहेत. त्यांत तक्रार आहे, खोडी आहे, सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल आहे. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. इतकं खरं बोलणारं, इतक्या जणींना आपलं वाटणारं, नाव नसलेल्या कवींचं गाणं मराठीत दुसरं नाही. लोकप्रिय संगीत म्हणजे काय असतं ते हेच ना?

आणि हे जुनं झालं असं समजू नका. आपल्या वर्गात नववीच्या सुरुवातीला चोवीस मुली होत्या. दहावीच्या फोटोत एकवीस आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक आली नाही, उन्हाळ्यानंतर आणखी दोघी. कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कारण ठाऊक होतं. त्यांच्यातली एक हादग्याची गाणी वर्गात सगळ्यांत खड्या आवाजात म्हणायची.

आता अरणगाव. मेहेरबाबांची समाधी आपण सहलीत पाहिली आहे. ३१ जानेवारीला अमरतिथीच्या दिवसांत नगरच्या बाजारात गोरी माणसं दिसायची, तेवढाच आपला संबंध. मी इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागल्यावर, कंपनीच्या कामासाठी काही महिने इंग्लंडात होते. तिथल्या एका वयस्कर सहकाऱ्याने गाव विचारलं. मी सवयीने ‘पुण्याजवळ’ म्हणाले. त्याने नेमकं नाव विचारलं, मी अहमदनगर सांगितलं, आणि तो म्हणाला, ‘म्हणजे मेहेरबाबांचं!’ नगर ओळखणारा इंग्रज मला पहिल्यांदाच भेटला होता, आणि तो भक्त वगैरे नव्हता. त्याला बाबा माहीत होते ते एका रॉक बँडमुळे.

बँडचं नाव ‘द हू’. त्यांची गाणी लिहिणारा पीट टाउनशेंड १९४५चा. १९६५मध्ये, विशीत असताना, त्याने ‘माय जनरेशन’ लिहिलं. त्यात गायक रॉजर डॉल्ट्री मुद्दाम अडखळत गातो. सरळ मराठीत सांगायचं तर त्याचं त-त-प-प होतं. बोलायचं खूप आहे, समोर मोठी माणसं आहेत, राग आलेला आहे आणि शब्द फुटत नाही. अडखळत बोलणाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून बीबीसीने सुरुवातीला ते लावायला नकार दिला, मग लावलं. मला या गाण्यातलं अडखळणं शब्दांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. तोवरच्या प्रेमगीतांतली मुलं फार सफाईदार बोलायची. फळ्यासमोर उभं केल्यावर उत्तर येत असूनही तोंड न उघडणारा मुलगा पहिल्यांदा गाण्यात आला.

टाउनशेंडला मेहेरबाबांची ओळख १९६७च्या सुमारास एका मित्राकडून झाली. बाबा १० जुलै १९२५पासून मौनात होते आणि ३१ जानेवारी १९६९ला गेले. दोघांची भेट झाली नाही. टाउनशेंड अरणगावला समाधीवर आला तो १९७२मध्ये. त्याआधी, १९७१च्या ‘हूज नेक्स्ट’ या तबकडीवर, पहिलंच गाणं आहे ‘बाबा ओ’रायली’. नावातले ‘बाबा’ आपल्या अरणगावचे आणि ‘रायली’ म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार, तोच तोच सूर फिरवत नवं काहीतरी उभं करणारा. बाबांच्या आयुष्याची माहिती यंत्राला द्यायची आणि त्यातून सूर काढायचे अशी टाउनशेंडची कल्पना होती म्हणतात. प्रत्यक्षात सुरुवातीला जो प्रसिद्ध भिरभिरणारा आवाज येतो तो एका घरगुती ऑर्गनच्या तयार सोयीतून काढलेला आहे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर नवा कोड लिहायची गरज पडली नाही, सेटिंग बदलून काम झालं. कोणत्याही प्रोजेक्टमध्ये असंच होतं.

गाणं कशाबद्दल आहे? त्या काळात इंग्लंड-अमेरिकेत मोकळ्या मैदानांवर लाखोंच्या संगीत जत्रा भरत. १९६९ला वूडस्टॉकला ‘द हू’ वाजवून आले होते. नशेत हरवलेली पोरं आणि मागे उरलेला उकिरडा टाउनशेंडने जवळून पाहिला होता. पोरांची ती उजाड अवस्था त्याने या गाण्यात घातली. पण चाल इतकी जोरकस झाली, की ऐकणाऱ्यांनी ते तारुण्याच्या जल्लोषाचं गाणं म्हणून उचललं. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोक मैदानांवर हात वर करून ते म्हणत आले आहेत. अनेकांना त्याचं खरं नावही माहीत नसतं. त्याने जे रडगाणं म्हणून लिहिलं ते वरातीचं झालं, असं म्हणू.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता अकोळनेरला जायचं आहे.

नागराज मंजुळे करमाळ्याचा, जेऊरचा. पण सिनेमा शिकला तो आपल्या नगरमध्ये, न्यू आर्ट्स कॉलेजच्या संज्ञापन विभागात. तिथे शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१३चा ‘फँड्री’. त्यातल्या गोष्टीचं गाव अकोळनेर. शाळकरी जब्या माने, त्याला वर्गातली शालू आवडते. जब्याच्या घरचं काम गावातली डुकरं धरण्याचं. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. ज्या मुलीने आपल्याकडे बघावं म्हणून तो जीन पँटसाठी पैसे साठवतो, तिच्याच देखत शेवटी त्याला ते काम करावं लागतं. सोमनाथ अवघडेला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सिनेमा महाराष्ट्रात लागला १४ फेब्रुवारी २०१४ला. पण त्याच्या आधीच गाणं घरोघर पोहोचलं होतं, ते विंचवाचं. अजय-अतुलचं, अजय गोगावलेने गायलेलं. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांना हे खरं वाटणार नाही, पण ते गाणं सिनेमात नाहीच. ते फक्त प्रसिद्धीसाठी केलं होतं. मी पुण्यात थिएटरात बसून दोन तास वाट बघत होते, आता येईल, मग येईल. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, येणार कुठून? जब्याच्या आयुष्यात गाणं म्हणायला जागा कुठे आहे? गाणं म्हणजे त्याच्या मनात जे चाललंय ते, आणि सिनेमा म्हणजे गाव त्याला जे करू देतं ते. दोन्ही एका पडद्यावर मावत नव्हती.

त्या गाण्याने मला पहिला धक्का दिला तो एका शब्दाचा. त्यात ‘विंचू’ नाही, ‘इंचू’ आहे. आपल्या घरी, आपल्या रानात, कोपरी घातलेल्या आपल्या आजोबांच्या तोंडी तो इंचूच होता. शाळेत निबंधात असा शब्द आला की त्याखाली लाल रेघ यायची. रेघ मारणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बोर्डाचा पेपर तपासणारा परीक्षक मार्क कापणार होता आणि आपल्याला पास करणं हे त्यांचं काम होतं. पण त्यामुळे झालं असं, की आपल्याला जे वाटत होतं ते ज्या भाषेत वाटत होतं, ती भाषा लिहायची नसते हे आपण फार लवकर शिकलो. चिठ्ठीसुद्धा आपण शुद्ध मराठीत लिहायचो! आठवतंय ना?

मधला एक दुवा सांगितला पाहिजे. नव्वदीच्या शेवटी, आपण कॉलेजात होतो तेव्हा, ‘गारवा’ आला. मिलिंद इंगळेचा आवाज, सौमित्रच्या कविता. आपल्या हॉस्टेलमध्ये ती कॅसेट झिजली. कोणीतरी आपल्या वयाशी बोलतंय असं तेव्हा प्रथम वाटलं, तरी तो पाऊस शहरी खिडकीतला होता. आपल्याकडे पाऊस म्हटलं की टँकर बंद होणार का, हा प्रश्न आधी. हा सौमित्र म्हणजेच अभिनेता किशोर कदम. ‘फँड्री’त जब्याचा बाप, कचरू माने, तोच झाला आहे. ज्याने आपल्या पिढीला पाऊस दिला तोच माणूस पंधरा वर्षांनी डुकरामागे धावताना दिसतो. मराठी गाणं खिडकीतून उकिरड्यापर्यंत कसं आलं ते एका माणसात दिसतं.

‘सैराट’ तुम्हाला सांगायला नको. २९ एप्रिल २०१६. करमाळ्याचा परिसर, म्हणजे कर्जत ओलांडलं की आलंच. आर्चीचं काम करणारी अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हा स्वतःच शाळेत होती. चारच गाणी, त्यांतल्या काहींचा वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केलेला. विहिरीत उडी मारणाऱ्या पोराच्या मागे अख्खा वाद्यवृंद वाजतो तेव्हा काही समीक्षकांना ते जास्त वाटलं. मला नाही वाटलं. त्या वयात आतून तेवढंच मोठं वाजत असतं. श्रेया घोषालच्या गाण्यात मुलीच्या बाजूने, मुलीच्या शब्दांत तिचं बावरणं आलं. मराठीत ते काम तोवर लावणीकडे दिलेलं होतं, आणि लावणी शाळकरी मुलीची नसते. शिवाय आर्ची आधी बघते. पर्श्या नजर खाली घालतो.

आणि मग गाणी संपतात. चारही गाणी सिनेमाच्या सुरुवातीच्या भागात आहेत. ‘झिंगाट’नंतर दोघं पकडले जातात, पळतात, आणि पुढच्या लांबलचक संसारात एकही गाणं नाही. शेवटाला तर आवाजही नाही. लहान पोराची पावलं उमटत जातात आणि थिएटरात कोणी चुळबुळत नाही. संगीतकारांनी केलेलं सगळ्यांत धाडसाचं काम मला हे गप्प बसणंच वाटतं.

आज ‘झिंगाट’ आपल्या प्रत्येक वरातीत वाजतं. हळदीला वाजतं, गणपतीला वाजतं, निवडणुकीच्या गुलालात वाजतं. ज्या घरात मुलीने दुसऱ्या जातीत लग्न करायचं नाव काढलं तर काय होईल ते सांगायला नको, त्या घरच्या मांडवातही वाजतं, आणि मुलीचा बाप पहिल्या रांगेत नाचतो. अरणगावच्या गाण्याचं जे झालं तेच.

मी हे का लिहिते आहे ते आता सांगते. ‘फँड्री’ लागला फेब्रुवारी २०१४मध्ये. त्याच वर्षी २८ एप्रिलला, आपल्या जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला, बारावीत शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला मारहाण करून मारलं गेलं. वरच्या जातीच्या मुलीशी त्याचं बोलणं होतं, यावरून हे झालं, असा आरोप होता. दिवसा, शाळेतून नेऊन. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७मध्ये सगळे आरोपी सुटले. ‘सैराट’ लागला तो खर्ड्यानंतर दोन वर्षं आणि एक दिवसाने. तारखांचा हा योगायोगच असेल. पण ‘सैराट’चा शेवट भडक आहे, असं काही होत नसतं, असं मला ज्यांनी सांगितलं त्यांतले बरेचसे नगर जिल्ह्यातलेच होते.

‘सैराट मुलं बिघडवतो’ हेही तेव्हा घरोघर ऐकलं. आपल्या बॅचच्या पालकांनी हेच ‘दिलवाले’बद्दल म्हटलं होतं का? नाही. युरोपच्या रेल्वेतल्या प्रेमाची भीती कोणालाच वाटत नव्हती. गावची विहीर, गावची बोली आणि गावची आडनावं गाण्यात आली तेव्हा भीती वाटली. आपल्या वर्गात कोण कुठल्या आळीतून, कुठल्या वस्तीवरून येतं ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. डबा कोण कोणाबरोबर खातं ते बघितलं की कळायचं. सातवीपर्यंत मुलं-मुली, वस्त्या, आळ्या असं सगळं मिसळून खेळलो. आठवीत कोणी न सांगता बाक वेगळे झाले. यावर आपल्याजवळ एकही गाणं नव्हतं, म्हणून आपण बोललोही नाही. सोळा वर्षांच्या पोराला एखादी गोष्ट म्हणता येत नसेल तर ती गोष्ट फक्त आपल्यालाच होते असं त्याला वाटत राहतं.

माझी मुलगी आता नववीत आहे. ती पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकते आणि हेडफोन लावून परदेशी मुलींची गाणी ऐकते. स्वतःच्या बेडरूमचं, स्वतःच्या रुसव्याचं गाणं. चांगली असतात, मी ऐकते तिच्याबरोबर. तिला मी हादग्याचं गाणं म्हणून दाखवलं, तर सासू-सुनेच्या संवादावर ती खळखळून हसली आणि मग विचारलं, ‘तिचं वय किती होतं?’ मी म्हणाले, तुझ्याएवढं. तिने हेडफोन काढून ते गाणं पुन्हा पूर्ण म्हणायला लावलं.

स्नेहमेळाव्यासाठी डीजेची यादी मागवली आहे. ‘झिंगाट’ सतरा जणांनी पाठवलं आहे, ते वाजणारच, मीही नाचणार आहे. माझ्याकडून मी यादीत हादग्याची दोन गाणी घातली आहेत; त्यांना डीजे लागत नाही, पाट आणि खडू मी आणते. ‘फँड्री’ पुन्हा पाहायचा असेल तर रात्री मुक्कामाला थांबणाऱ्यांसाठी शाळेच्या प्रोजेक्टरची सरांनी परवानगी दिली आहे.

आणि नववीनंतर न दिसलेल्या त्या तिघींपैकी दोघींचा पत्ता लागला. एक श्रीगोंद्याला आहे, येते म्हणाली, नातीला घेऊन. दुसरीने फोन उचलला, बराच वेळ बोलली, पण यायचं नाही म्हणाली. तिसरीचं माहेर आता गावात राहिलेलं नाही. ती शेवटच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसायची. कोणाला काही माहीत असेल तर मला सांगा.